टोपलीतला तुकडा

सकाळी जेवणघरातून ताटांचा आवाज आला नाही, तेव्हा आनंदराजला आधी वाटलं, आपलेच कान बसले असतील. लातूरच्या एका मोठ्या क्लासच्या मेसचा तो व्यवस्थापक होता. एका अंगाला मुलांचं वसतिगृह, दुसऱ्या अंगाला मुलींचं, मधोमध पत्र्याचं उंच जेवणघर. आणि या सगळ्यांचं पाणी, वीज, पोहे, रुसवेफुगवे, ताप-खोकला असं सगळं त्याच्या एकट्याच्या गळ्यात. डॉक्टर व्हायला आलेली ही पोरं नाश्त्याला सुटली की ताटं अशी आदळायची, की गल्लीतली म्हातारी माणसं दचकायची. त्यावरून त्याने पोरांना कितीदा झापलं होतं. आज मात्र सगळं चिडीचूप. तो आत गेला. पोरं आली होती, सगळीच्या सगळी. बाकडी रिकामी होती आणि पोरं खाली फरशीवर रांगा धरून बसली होती. प्रत्येकापुढे ताट होतं आणि ते पालथं घातलेलं होतं. पोह्यांचं पातेलं बाजूला वाफाळत पडलं होतं, आणि वाढपी त्याच्याकडे असे बघत होते, जणू हे सगळं त्यानेच घडवून आणलंय.  आनंदराजला भीती वाटली असती तर बरं झालं असतं. पगारी माणसाला तेच शोभतं. पण त्याला झाला तो आनंद. इतक्या वर्षांनी माणसं एका मनाने, न बोलता, जमिनीवर बसलेली तो बघत होता.

काय झालं होतं ते त्याला ठाऊक होतं. दर चाचणीनंतर पोरांच्या तुकड्या मोडून नव्या बांधायच्या, ही या क्लासची रीत. जास्त गुणांची ती 'अ', मग 'ब', आणि उरलेली सगळी 'क'. फी सगळ्यांची सारखीच. 'अ' तुकडीला नामांकित सर समोर उभे राहून शिकवत. 'क' तुकडीला तळघरात पडद्यावर त्याच सरांची मागच्या वर्षीची शिकवणी दाखवत. मागच्या आठवड्यात जळकोटकडच्या एका मुलीने भर वर्गात हात वर केला. शंका होती तिला. पडद्यावरचे सर शिकवतच राहिले. ती हात वर करून उभी राहिली ती राहिलीच. आधी सगळे हसले, मग हळूहळू कुणीच हसेना. तिथून हे सुरू झालं. मागणी एवढीच होती, की सर आमच्याकडेही या. रोज नका येऊ, पण आठवड्यातून एकदा तरी स्वतः या.

रांगेतून मनतशा उठली. 'क' तुकडीतली, नांदेडची, बारीक अंगाची मुलगी, डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली. तिच्या हातात मेसमधलीच पोळ्यांची टोपली होती.

"काका, कालच्या पोळ्या हाईत," ती म्हणाली. "सगळ्यांनी आपल्या ताटातली अर्धी अर्धी ठिवली व्हती. तुकडे करून मिसळल्या. ज्यानं तुकडा खाल्ला त्यो आमच्यात. तुम्ही घेता का?"

"ह्ये कुणी शिकवलं गं तुला?" त्याने विचारलं. विचारायची खरं तर गरज नव्हती.

"दादीनं. दादी म्हणती, तवा टोपली तुमच्याच हातात ऱ्हायची."

पहिल्या रांगेत धम्मप्रिया बसली होती, त्याची मुलगी. ती 'अ' तुकडीतली. तिला तळघर कधी बघावं लागलं नव्हतं आणि लागणारही नव्हतं, तरी तिचंही ताट पालथं होतं. ती बापाकडे बघत होती. त्या बघण्यात परीक्षा नव्हती, खात्री होती. तेच वाईट झालं. आनंदराजचा हात पुढे गेला, टोपलीत गेला, तुकडा तोंडात आला. विचार करून गेला असता तर गेलाच नसता. पोळी वातड झाली होती. तो चावत राहिला आणि सगळं जेवणघर त्याचं चावणं बघत राहिलं.

भाकरसभा. आता हे नाव घेतलं तर या शहरात कुणी ओळखायचं नाही. फार तर कुणाला ते नव्या हॉटेलाचं नाव वाटेल. पण एके काळी नांदेडच्या कलेक्टर कचेरीपुढचा रस्ता भाकरसभेच्या माणसांनी दिवसभर अडवला होता आणि साहेबाला मागच्या दाराने घरी जावं लागलं होतं. अमृतराव नांदेडच्या कॉलेजात शिकवायचे. ती नोकरी सोडून ते गावोगाव फिरायला लागले आणि त्यांच्यामागे आनंदराज, मिसरूड नुकतं फुटलेलं, बी.ए.चं शेवटचं वर्ष अर्धं टाकून. गायरानं कसायला मागणारे भूमिहीन, रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बाया, दोन-चार एकरांत रडतखडत पिकवणारे कुणबी, अशी सगळी माणसं एका सभेत बसवणं हे काही खायचं काम नव्हतं. भाषणाने ती शेजारी बसत नसत. त्यावर अमृतरावांनी ती रीत काढली. सभा असली की प्रत्येक घरातून एक भाकर यायची. बौद्धवाड्यातून, मुसलमानांच्या घरांतून, लिंगायतांच्या, मराठ्यांच्या, वडारांच्या पालांतून. सगळ्या भाकरी मोडून टोपलीत कालवायच्या, इतक्या की कुठला तुकडा कुठल्या चुलीवरचा हे खुद्द भाजणारीलाही सांगता येऊ नये. मग ठराव सांगायचा आणि टोपली फिरवायची. हात वर करणं नाही, अंगठा नाही, घोषणा नाही. ज्याने तुकडा खाल्ला तो बांधला गेला. ज्याला नको असेल त्याने उठून जावं, त्याला कुणी नावं ठेवायची नाहीत. टोपली धरायचं काम आनंदराजचं. एका गावी एक म्हातारा तुकडा हातात घेऊन दिवस मावळेपर्यंत तसाच बसला होता. घरी जा म्हटलं तर जाईना, खा म्हटलं तर खाईना. शेवटी डोळे मिटून त्याने तो तोंडात टाकला आणि दुसऱ्या दिवशी गायरानात पहिला नांगर त्याचाच होता. आनंदराजला तेव्हा वाटायचं, आता हे थांबत नाही. वय तसं होतं आणि दिवसही तसेच होते. जिल्हा परिषदेत सभेची माणसं गेली, पेपरात अमृतरावांचा फोटो यायला लागला, नांदेडला स्टेशनाच्या रस्त्यावर दोन खोल्यांचं ऑफिस झालं. खुद्द अमृतराव तिथे सतरंजीवर झोपत.

"आनंदराज, या, बसा," माणिकप्पा सर म्हणाले. क्लासचे मालक. स्वतः एकेकाळी रसायनशास्त्र शिकवायचे, आता फक्त इमारती बांधायचे. आवाज कधी चढला नाही या माणसाचा. त्यांच्या केबिनमध्ये इतकं गार असायचं, की आनंदराजला तिथे नेहमी लघवीला लागल्यासारखं व्हायचं. सरांनी त्याला चहा मागवला.

"पोरांचं वय आहे, मी समजू शकतो. पण उद्या पेपरवाले येतील. पालक पोरं उचलून समोरच्या क्लासमध्ये नेतील. तुम्ही चळवळीतले ना? मला माहीत आहे. म्हणूनच तर ठेवलं तुम्हाला. असल्या गोष्टी कशा पेटतात हे ज्याला ठाऊक, त्याला त्या विझतात कशा हेही ठाऊक असतं."

"पोरं हाईत, सर. एकदा शिकवणारे सर खाली गेले, दोन शब्द बोलले, तर..."

"धम्मप्रिया यंदा लागणार," सर मधेच म्हणाले, त्याच मऊ आवाजात. "सरकारी कॉलेज, पहिल्या यादीत. मी तिच्याकडून एक पैसा घेतला नाही, घेणारही नाही. राहायला खोली आहे तुम्हाला. हे सगळं नीट चाललंय, ते मोडू नये असं मला वाटतं. कुणी सुरू केलं हे?"

चहाचा कप त्याच्या हातात होता आणि त्याला जाणवलं, की आपण उत्तर देऊन चुकलो आहोत. "नांदेडची मनतशा." एवढंच. दुसऱ्यांदा विचारावंही लागलं नाही. सरांनी मान हलवली आणि लगेच दुसरीकडे बघितलं, चारचौघांत सदऱ्याचं बटण तुटलेल्या माणसाकडे बघत नाहीत तसं.

बाहेर येऊन तो जिन्यातच टेकला.  मग मनात एकेक वाक्य यायला लागलं, अगदी शहाण्यासारखं. पोळी कुणाची? मेसची. पीठ सरांचं, गॅस सरांचा, लाटणाऱ्या बायका सरांच्या पगारावरच्या. कुण्या पोराच्या घरची चूल होती त्यात? मग त्या तुकड्याने मी बांधला गेलो कसा? हे वाक्य पुरतं झालं आणि आनंदराजने ते ओळखलं. ते त्याचं नव्हतं. ते व्यंकटीचं होतं, शब्दाला शब्द.

गणपती बुडवून माणसं झोपली होती त्या पहाटे जमीन हलली. किल्लारीकडच्या त्या पट्ट्यात दगड-मातीच्या जाड भिंती होत्या, त्याच माणसांवर आल्या. आनंदराज नांदेडहून ट्रकमधून गेला. पुढचं त्याला कधी सलग आठवत नसे. वास आठवायचा, आणि चांदबी आठवायची. चांदबी बांगड्या विकणारी. तिची टोपली घेऊन ती पंचक्रोशीत फिरायची आणि सभेचा निरोप तिच्याइतका पक्का कुणी पोचवत नसे. तिचा नवरा भिंतीखाली गेला होता. ती रियाजला, तिच्या लहान पोराला, पोटाशी धरून बांधावर बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाणी विचारत होती. पुढे सरकारने ठरवलं, गावं नव्या जागी बसवायची. आणि घराचं माप जमिनीच्या मापावर ठरवलं. ज्याला रान जास्त त्याला घर मोठं, भूमिहीनाला एक खोली. अमृतराव पेटून उठले. मरताना सगळे सारखे, मग राहताना का नाही? घर घेऊ तर सगळे एका मापाचं, नाहीतर कुणीच नाही. छावण्या नुसत्या उसळल्या. सभेला त्या वेळी आली तेवढी माणसं ना आधी कधी आली, ना नंतर. ठराव घ्यायचा होता. टोपली फिरवायची होती. पण चुली गाडल्या गेल्या होत्या, पीठ नव्हतं, तवे नव्हते. शहरांतून ट्रक यायचे पावांचे. सरकारी माणसं ते रांगा लावून वाटायची. दुसऱ्या दिवशी मंत्री यायचे होते आणि अमृतरावांना ठराव हातात हवा होता. आनंदराजने पावांची पाकिटं फोडली आणि टोपलीत कुस्करली. चांदबीने त्याचा हात धरला होता. "आनंदराज, ह्ये आपलं न्हाई रं. मदतीचं हाय. दोन दिस थांब, तीन दगडं मांडू, चूल पेटू दे, मग फिरव." तो म्हणाला, "भाबी, भूक तीच हाय, तुकडा कुणाचा का आसंना." त्याला ते वाक्य फार आवडलं होतं तेव्हा. टोपली फिरली. सगळ्यांनी पाव खाल्ला.

मग तहसीलचे लोक आले आणि त्यांनी काहीही केलं नाही. ना लाठी, ना धमकी. फक्त टेबलं वेगळी मांडली. मोठ्या मापाच्यांनी सोमवारी यावं, मधल्यांनी मंगळवारी, आणि एकेकट्यानेच आत यावं. सोमवारी सकाळी व्यंकटी गेला. पाच-सात एकरांचा धनी, सभेचा पहिल्या दिवसापासूनचा माणूस, गायरानात इतरांसाठी डोकं फोडून घेतलेला. आनंदराज त्याला आडवा झाला. व्यंकटी रागावला नाही, उलट समजूत घातल्यासारखा बोलला. "पाव सरकारचा व्हता, राजा. गाडी सरकारची, रांग सरकारची. माज्या घरची भाकर व्हती का त्यात? मग मला बांधलं कुणी?" आनंदराज वाटेतून बाजूला झाला.  दिवस मावळेपर्यंत रांग लागली. जाताना प्रत्येक जण तेच बोलायचा, काही जण तर न विचारता. अमृतराव म्हणाले, मधला मार्ग काढू. मधला मार्ग म्हणजे त्यांना पुढे एक महामंडळ मिळालं, लाल दिव्याची गाडी मिळाली. सतरंजीवर झोपायची सवय मोडल्याचं त्यांनी शेवटी शेवटी हसत सांगितलं होतं. ऑफिसच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. पाव खाऊन बांधली गेली ती एकटी चांदबी. तिने ती एक खोली घेतली नाही. "सगळ्यांस्नी एक माप व्हईल तवा घेईन," म्हणाली. मुदत सरली, नवं गाव उभं राहिलं, माणसं आपापल्या मापात राहायला गेली आणि ती पत्र्याच्या शेडमध्येच उन्हाळे-पावसाळे काढत राहिली. रियाज मोठा होऊन नांदेडला ऑटो चालवायला लागला, तेव्हा कुठे तो तिला घेऊन गेला. लेकीला, मनतशाला, प्रवेशाला आणलं तेव्हा रियाज म्हणाला होता, "अम्मीनं सलाम सांगितलाय. म्हणली, आनंदराज हाय ना तिथं, मग काळजी न्हाई." आनंदराजने मान डोलावली होती आणि पुढे मनतशाशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं होतं.

आता तो जिन्यातून उठला. काय करायचं ते हातांना ठाऊक होतं. कुणाला रागवायचं नाही, घोळक्याशी बोलायचं नाही. ऑफिसात बसून त्याने एकेका पालकाला फोन लावला. उदगीरच्या बापाला सांगितलं, तुमचा पोरगा उपाशी आहे, बाकीचे जेवले. निलंग्याच्या आईला सांगितलं, बाकीचे जेवले. मग एकेका पोराला 'घरून फोन आलाय' म्हणून बोलावून घ्यायचं, फोन हातात द्यायचा आणि आपण खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं. आया फोनवर रडायच्या. पोरं बाहेर पडायची ती एकमेकांकडे न बघता पडायची. दुपारपर्यंत रांगा विरळ झाल्या, तरी ताट कुणी सुलटं करेना. पहिलं कुणी करायचं, यावर ते अडलं होतं. हेही त्याला ठाऊक होतं.

त्याने धम्मप्रियाला खोलीवर बोलावलं. ती दारातच उभी राहिली. आईचं नाक, आईचंच हनुवटी वर करणं.

"जेवून घे, बाळा."

"बाबा, तुम्ही तुकडा खाल्ला ना?"

"खाल्ला."

"मग?"

"तू 'अ' मध्ये हाईस. तुला काय कमी हाय?"

"म्हणूनच तर बसले. तुम्हीच सांगायचा ना लहानपणी, ज्याला मोठं घर मिळणार त्यानं आधी नाही म्हणायचं?" तिचा आवाज कापला. "त्याशिवाय त्याला काय अर्थ?"

हे त्याने सांगितलं होतं. तिला झोपवताना गोष्टीसारखं सांगितलं होतं, राजा-राणीच्या ऐवजी. दुसऱ्या कुठल्या बापाला आपली पोर असं बोलताना ऐकून काय वाटलं असतं, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. मग तो म्हणाला, "तुझी आई दवाखान्याच्या दारात काय म्हणली व्हती शेवटी?" धम्मप्रिया पांढरी पडली. आई म्हणाली होती, पोरीला डॉक्टर कर, माझ्यासारखं कुणी दारात मरू नये. हे दोघांनी आजवर एकमेकांपुढे कधी काढलं नव्हतं. ते दोघांचं शेवटचं राखलेलं होतं आणि ते त्याने आज काढलं.  ती वळली आणि गेली. जेवणघराच्या दारातून त्याने पाहिलं: ती आपल्या जागी बसली, ताट सुलटं केलं, वाढप्याकडे बघितलं. वरण-भात आला. ती खात होती आणि डोळ्यांतलं पाणी नाकावरून भातात पडत होतं, ते पुसायचंही तिने मनावर घेतलं नाही. मनतशा तिच्यासमोर बसली होती. थोड्या वेळाने मागच्या रांगेतलं एक ताट सुलटं झालं, मग आणखी एक. बाकीच्यांना फार वेळ लागला नाही.

मनतशाला घरी पाठवायचं ठरलं. शिक्षा नव्हे, सर म्हणाले, विश्रांती. पुढच्या वर्षी बघू. रियाजला यायला जमेना, म्हणून आनंदराज तिला नांदेडच्या गाडीत बसवायला स्टँडवर घेऊन गेला. ऊन भाजत होतं. पुस्तकांची पोती त्याने स्वतः टपावर चढवली, खिडकीची जागा धरून दिली, पाण्याची बाटली आणि केळी आणून दिली. चांदबीसाठी पेढे घेऊन दिले. मनतशा रडली नव्हती. ती खिडकीतून वाकून म्हणाली, "काका, तुम्ही एकटेच आमच्यासंगं शेवटपर्यंत ऱ्हायलात. दादीला सांगते. दादी म्हणतीच, सगळे फुटले, आनंदराज फुटला न्हाई."

त्याने टपावरच्या पोत्यांकडे बघितलं.

"पर एक सांगू? माझं नाव सरला धम्मप्रियानंच सांगितलं. मला म्हाईत हाय. मी तिला बहीण म्हणत व्हते. शेवटाला 'अ' ती 'अ'च." पहिल्यांदाच तिने तोंड फिरवलं. "तुमची पोरगी हाय म्हणून तुम्हाला बोलायला नको व्हतं. माफ करा."

कंडक्टरने दार आपटलं. अजून गाडी हलली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. दोन शब्दही पुरले असते. आनंदराजने खिडकीच्या गजावर हात ठेवला. तापलेलं लोखंड चटकन लागलं तरी त्याने तो काढला नाही. गाडीचं इंजिन घुरघुरलं, सगळा सांगाडा थडथडायला लागला. आता, आता, असं त्याला आतून कुणीतरी म्हणत होतं.

"लहान हाय ती," तो म्हणाला. "मनावर घिऊ नको."

गाडी गेली. तो पायीच परत आला. खोलीत धम्मप्रिया खिडकीशी उभी होती, वाट बघत. दोन दिवसांत ती बापाशी बोलली नव्हती. आता तिला बोलावंच लागलं.

"बाबा, मनतशा काही बोलली का? माझ्याबद्दल?"

तो चप्पल काढत होता. वाकलेलाच राहिला.

"व्हय. म्हणली, धम्मप्रियाला सांगा, मी रागावले न्हाई. सुट्टीत नांदेडला बोलावलंय तुला."

"खरंच?" ती म्हणाली. तिचा चेहरा सुटला, दोन दिवस आवळून धरलेलं सगळं एकदम सैल झालं. ती हसली सुद्धा. "मी फोन करते तिला रात्री," म्हणाली, आणि हात-पाय धुवायला आत गेली.

आतून नळाचा आवाज येत राहिला, आणि आनंदराज तिच्या फोनकडे बघत उभा राहिला.